२४ इंची स्ट्रीट ट्रायल्स सायकलला मागचं हब किती रुंद घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्याच एका तरुणाला २४ इंची चाकांची स्ट्रीट ट्रायल्स सायकल, म्हणजे रस्त्यावरचे कठडे-पायऱ्या यांवर उड्या मारत कसरती करायची सायकल, बनवून घ्यायची आहे. फ्रेम ४१३० क्रोमोली नळ्यांची, वेल्डिंग अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये. मागे डिस्क ब्रेक, गिअर नाहीत, मागे एकच चक्र. आता मागच्या हबची, म्हणजे चाकाच्या मधोमध तारा जिथं येऊन मिळतात त्या भागाची, रुंदी ठरवायची आहे आणि तिथंच सगळं अडलंय. एक मित्र म्हणतो, ट्रायल्सचं खरं माप ११६ मिलिमीटर. दुसरा म्हणतो, १४८ घे, जितकं रुंद तितकं मजबूत. बीएमएक्स चालवणारा तिसरा ११० वर ठाम आहे. मग घ्यायचं कुठलं?

माझं उत्तर आधीच देतो: १३५ मिलिमीटर, १० मिलिमीटरचा बोल्टनं आवळायचा अ‍ॅक्सल, आणि सिंगल स्पीडसाठीच बनवलेलं, फ्रीहब असलेलं (म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा हबमध्येच असलेलं) डिस्क हब. पण हे उत्तर तुम्ही सांगितलेल्या गोष्टींवर टेकलेलं आहे. ब्रेक बदलला किंवा फ्रीव्हील, म्हणजे हेच काम करणारं सुटं चक्र, मागून पुढं क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) नेलं, तर उत्तरही बदलेल. म्हणून कारणं नीट समजून घ्या.

तिन्ही मित्र आपापल्या सायकलपुरते बरोबर आहेत, म्हणून तर गोंधळ होतो. स्पर्धेच्या ट्रायल्समध्ये २० इंची आणि २६ इंची असे दोन गट आहेत. २० इंचीला ११६ आणि २६ इंचीला माउंटन बाइकवरून आलेलं १३५, अशी जुनी वहिवाट. बीएमएक्सचं माप ११०, तेही १४ मिलिमीटरच्या जाड अ‍ॅक्सलवर. स्ट्रीट ट्रायल्स या तिन्हींच्या मधे जन्माला आली. २००९ मध्ये डॅनी मॅकअस्किल या स्कॉटिश रायडरचा एडिनबरोच्या रस्त्यांवरचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि ब्रिटनच्या इन्स्पायर्ड कंपनीची २४ इंची सायकल आपल्याकडच्या पोरांनाही माहीत झाली. २४ इंची चाक दोन्ही गटांच्या मधलं, त्यामुळे त्याला स्वतःचं असं एकच ठरलेलं माप मिळालं नाही. बनवणाऱ्यानं आपला ब्रेक आणि आपली चेन बघून ठरवायचं.

माप म्हणजे काय, तेही एकदा स्पष्ट करून घेऊ, कारण वर्कशॉपमध्ये इथंच घोळ होतो. ही हबच्या अ‍ॅक्सलची एकूण लांबी नव्हे. मागच्या दोन ड्रॉपआउटच्या, म्हणजे चाक जिथं अडकवतात त्या फ्रेमच्या टोकांच्या, आतल्या तोंडांमधलं अंतर म्हणजे हे माप. हबच्या बाजूनं पाहिलं तर एका टोकाच्या लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापासून दुसऱ्या टोकाच्या लॉकनटच्या बाहेरच्या तोंडापर्यंत. नट, वायसर, बोल्टचं डोकं यातलं काहीच त्यात धरायचं नाही.

आता ब्रेककडं येऊ, कारण रुंदीचा सगळ्यात मोठा घास ब्रेकच घेतो. मागच्या हबवर डिस्क जिथं बसते ते तोंड डाव्या ड्रॉपआउटपासून साधारण १५ मिलिमीटर आत असतं. हब अरुंद असो की रुंद, हे अंतर तेवढंच राहतं, कारण डिस्कला चिमटीत धरणारा कॅलिपर फ्रेमवर बसतो आणि त्याला डिस्क ठरलेल्या जागीच लागते. म्हणजे १३५ वरून ११६ वर आलात की दोन्ही बाजूंनी साडेनऊ-साडेनऊ मिलिमीटर कमी झाले, डिस्क तेवढी आत आली आणि तिच्यामागचा डावा फ्लँज, म्हणजे हबची तारा अडकवायची कड, तीही तेवढीच आत ढकलावी लागली. नाहीतर कॅलिपर तारांना घासेल. फ्लँज आत आले की तारा जास्त उभ्या होतात आणि चाकाचा आडवा ताठपणा कमी होतो. ट्रायल्समध्ये मागच्या चाकावर उभं राहून बाजूला उडी मारली की सगळा भार नेमका आडवाच येतो.

मग स्पर्धेतल्या २० इंची सायकलींना ११६ कसं चालतं? एक तर चाक लहान, तारा आखूड, त्यामुळे तेवढ्याच फ्लँजवर तारेचा कोन जास्त मिळतो. दुसरं म्हणजे त्यातल्या बऱ्याच सायकलींना मागे रिम ब्रेक असतो. मगुराचा एचएस३३ हा हायड्रॉलिक रिम ब्रेक ट्रायल्सवाल्यांत प्रसिद्ध आहे. रिमच्या बाजूला ग्राइंडर मारून ती खरबरीत करतात, पॅड असा धरतो की चाक जागचं हलत नाही. डिस्कला जागा सोडायची नसल्यानं ११६ मध्येही दोन्ही फ्लँज ऐसपैस बसतात. त्यामुळे तुमच्या पहिल्या मित्राचं ११६ रिम ब्रेकवाल्या सायकलीसाठी अगदी योग्य आहे. तुम्हाला मागे डिस्क हवी आहे.

दुसरा मुद्दा फ्रीव्हील कुठं आहे याचा, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्याकडं गिअरच्या स्वस्त सायकलींना मागे आट्यांवर फिरवून बसवायचं सहा-सात चक्रांचं फ्रीव्हील असतं. त्या हबमध्ये उजवीकडचा बेअरिंग फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, फ्लँजजवळ असतो. तिथून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत तीन-चार सेंटिमीटर अ‍ॅक्सल कसल्याही आधाराशिवाय जातो. प्रत्येक हादऱ्याला तो बेअरिंगच्या कोनपाशी, म्हणजे गोळ्या धरून ठेवणाऱ्या शंकूसारख्या नटपाशी, वाकतो. अशी सायकल दुरुस्तीला आली की मी आधी चाक काढून अ‍ॅक्सल काचेवर गडगडवतो. वाकलेला असेल तर तो लडखडत जातो, आणि जरा निरखून पाहिलं तर उजव्या कोनच्या कडेशी आट्यांमध्ये केसाएवढी चीर दिसते. तुटतो तो तिथंच.

फ्रीहबमध्ये उजवा बेअरिंग फ्रीहबच्या बाहेरच्या टोकाला, ड्रॉपआउटच्या जवळ असतो. निराधार अ‍ॅक्सल अगदी थोडा उरतो. म्हणजे १३५ ची रुंदी फ्रीहबवर फायद्याची आहे, तीच रुंदी आट्यांच्या फ्रीव्हीलवर तोट्याची ठरू शकते. एक चक्राचं फ्रीव्हील घेऊन उरलेली जागा स्पेसरनं भरली, तरी त्या स्पेसरनं अ‍ॅक्सलला आधार मिळत नाही. त्यामुळे बजेटपायी आट्यांचं हबच घ्यायचं ठरलं, तर १३५ पेक्षा ११० किंवा ११६ बरं, कारण तिथं निराधार भाग आपोआप आखूड होतो. तुमचा बीएमएक्सवाला मित्र ११० म्हणतो त्यामागं हेच तथ्य आहे. शिवाय त्याचा अ‍ॅक्सल १४ मिलिमीटरचा असतो. फक्त त्या मापात डिस्क बसवायला जागा जवळजवळ उरत नाही.

स्पर्धेतले बरेच रायडर फ्रीव्हील पुढं क्रँकवर घेतात आणि मागे पक्कं चक्र, म्हणजे हबला घट्ट जोडलेलं, चाकाबरोबरच फिरणारं चक्र, लावतात. मागच्या हबमध्ये मग रॅचेटच (एका दिशेनंच पकडणारे दाते) नसतो, हब साधं, हलकं आणि दणकट होतं. पण चाक फिरलं की चेनही सतत फिरते. रस्त्यावर लांबून वेग घेऊन येणाऱ्या, मधेच पाय थांबवून सायकल फिरवणाऱ्या माणसाला ते अडचणीचं जातं, पँटचा पाय अडकायची भीतीही असते. फ्रीव्हील मागे असेल तर रॅचेटच्या टप्प्यांचा हिशेब पाहा. ३६ टप्प्यांचं फ्रीहब १० अंशांवर पकडतं. पुढं २२ दात आणि मागे १६ दात असतील तर पायाला ती ढिलाई सव्वासात अंशांच्या आसपास जाणवते, कारण क्रँक मागच्या चक्रापेक्षा कमी फिरतो. ७२ टप्प्यांना हीच ढिलाई साडेतीन-पावणेचार अंशांवर येते. मागच्या चाकावर उड्या मारताना हा फरक पायाला लगेच कळतो. त्यामुळे पैसे वाचवायचे असतील तर रंगात आणि वजनात वाचवा, टप्प्यांत वाचवू नका.

इथंच सांगून टाकतो, १३५ मध्येही कुठलंही माउंटन बाइकचं हब आणू नका. नऊ-दहा चक्रांच्या हबमध्ये कॅसेटला जागा द्यायला उजवा फ्लँज बराच आत घेतलेला असतो. चाक मधोमध आणायला उजव्या तारा खूप ताणाव्या लागतात आणि डाव्या तारांचा ताण त्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच राहतो. अशा चाकावर बाजूच्या उड्या मारल्या की डाव्या तारा ढिल्या होत जातात आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून काढून वैताग येतो. सिंगल स्पीडच्या हबमध्ये फ्रीहब आखूड असतो, उजवा फ्लँज बाहेर येतो, दोन्हीकडचा ताण जवळपास सारखा होतो. १३५ घेण्याचा खरा लाभ इथं आहे. एक चक्र आणि एक डिस्क एवढ्यालाच जागा द्यायची असल्यानं फ्लँज दोन्हीकडं मोकळे लांब ठेवता येतात. फ्रीहब अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर चक्र रुंद बुडाचं घ्या. पातळ चक्र फ्रीहबच्या पट्ट्यांत चावून बसतं, मग काढताना हातोडीच लागते.

मग १४२ आणि १४८ का नको? १४२ चा आकडा फसवा आहे. त्यात दोन्ही ड्रॉपआउटना साडेतीन मिलिमीटरचा खोलगट कट्टा असतो आणि हबची टोकं त्यात जाऊन बसतात. दोन्हीकडचे ते सात मिलिमीटर वजा केले की उरतात १३५. फ्लँज आणि डिस्कची जागा १३५ सारखीच. मिळतो तो फक्त १२ मिलिमीटरचा आरपार अ‍ॅक्सल. १४८, म्हणजे बूस्ट, मात्र खरंच रुंद आहे, फ्लँज दोन्हीकडं तीन-तीन मिलिमीटर बाहेर जातात. तो आणला गेला मुख्यतः २९ इंची चाकांसाठी, कारण त्यांच्या लांबलचक तारांना कोन कमी पडत होता. २४ इंची रिमचा व्यास ५०७ मिलिमीटर, २९ इंचीचा ६२२. तुमच्या चाकाला तो आजारच नाही, तर औषध कशाला?

आणखी मोठी अडचण चेन ताणण्याची आहे. तुमच्या सायकलीला गिअर नाहीत, म्हणजे चेन ताणून धरणारा डिरेलरही नाही. चाक मागे ओढून चेन ताणायची, त्यासाठी आडव्या फटीचे ड्रॉपआउट लागतात. १० मिलिमीटरचा बोल्टचा अ‍ॅक्सल या फटीत सरळ बसतो आणि स्नेल कॅम (चाक मागे रेटून धरणाऱ्या गोगलगायीच्या आकाराच्या चकत्या) लावले की जागचा सरकत नाही. १२ मिलिमीटरच्या आरपार अ‍ॅक्सलला मात्र बंद भोक लागतं, मग सरकते ड्रॉपआउट बनवावे लागतात. ते चांगले असतात, पण मिलिंगचं काम वाढतं, आणि जेवढे बोल्ट जास्त तेवढ्या कुरकुरायच्या जागा जास्त. क्विक रिलीजचं हब हाताशी असेल तरी आडव्या फटीत ते वापरू नका. जोरात पेडल मारलं की चाक उजवीकडून पुढं सरकतं आणि टायर नळीला घासतो.

आडव्या फटीत एक गोष्ट लोक विसरतात. चाक मागे सरकलं की डिस्कही सरकते, कॅलिपर मात्र जागेवरच. चेनची जोडकडी, म्हणजे एक इंच, कमी-जास्त केली की अ‍ॅक्सल १२.७ मिलिमीटर हलतो. एवढं अंतर कॅलिपरला झेपत नाही. तेव्हा हाफ-लिंकची, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या इंचानं कमी-जास्त करता येणारी, चेन घ्या, म्हणजे अ‍ॅक्सलची जागा सहा-सात मिलिमीटरच्या टप्प्यात आणता येते, आणि कॅलिपरच्या पत्र्यालाही फटीच्या दिशेनं लांबट भोकं ठेवा. ड्रॉपआउट निदान ६ मिलिमीटर जाडीचे हवेत.

चेनलाइनचा, म्हणजे सायकलच्या मधल्या रेषेपासून चेन किती बाहेर धावते त्याचा, हिशेब कागदावर करून वेल्डरच्या हातात द्या. मधल्या रेषेपासून मागच्या चक्राचं अंतर काढायचं तर रुंदीचा निम्मा घ्यायचा आणि त्यातून ड्रॉपआउटच्या तोंडापासून चक्राच्या दातांच्या मध्यापर्यंतचं अंतर वजा करायचं. १३५ चा निम्मा साडेसदुसष्ट. चक्र तोंडापासून २२ मिलिमीटर आत असेल तर चेनलाइन साडेपंचेचाळीस. ११६ चा निम्मा ५८, चक्र १८ मिलिमीटर आत असेल तर ४०. पुढचं चक्र सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून तेवढ्याच अंतरावर आलं पाहिजे. फ्रीहबवर स्पेसर पुढं-मागं करून मागचं चक्र थोडं हलवता येतं, ही सोय पक्क्या चक्राच्या हबला नसते. एक मिलिमीटरचा फरक चालतो, दोनच्या पुढं चेन आवाज करायला लागते. या सायकलींचे चेनस्टे, म्हणजे मागच्या आडव्या नळ्या, साडेतीनशे ते पावणेचारशे मिलिमीटरच असतात. त्यामुळे तेवढाच फरक लांब सायकलीपेक्षा इथं जास्त तिरका पडतो. आणि चेन उतरण्याची वेळ नेमकी पायावर पूर्ण जोर असताना येते, हे विसरू नका.

आखूड चेनस्टेमुळेच टाचेचा प्रश्न येतो. मागची रुंदी वाढली की नळ्या बाहेर फाकतात आणि घोटा त्यांना लागतो. हे मोजायला सोपं आहे. तुमच्या नेहमीच्या बुटांच्या टाचेला आतल्या बाजूनं खडू लावा, कुठल्याही सायकलीवर क्रँक आडवा मागे करून उभे राहा आणि पाय थोडा आत वळवा. खडू नळीवर कुठं उमटतो ते बघून तिथली रुंदी टिपा. दहा नंबरचा बूट घालणाऱ्याला १४८ वर त्रास होऊ शकतो. १३५ वर सहसा होत नाही, पण डिस्कचा कॅलिपर दोन नळ्यांच्या मधल्या त्रिकोणात, आतच बसवून घ्या.

आता सोलापूरचा विचार. हब आज ना उद्या खराब होणार हे धरून चाला. सव्वाशे-दीडशे किलोचे धक्के रोज बसले तर बेअरिंग जातं, रॅचेट झिजतो. १३५ चं डिस्क हब शहरातल्या कुठल्याही बऱ्या गिअर सायकलच्या दुकानात मागवून मिळतं, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाकडून तरी आणवता येतं. सिंगल स्पीडचं खास हब येईपर्यंत साधं १३५ लावून सायकल चालू राहते. ११६ चं हब मेलं तर परदेशातून मागवायचं, कस्टम ड्युटी भरायची आणि तोवर फ्रेम भिंतीला टांगून ठेवायची. माझ्या दृष्टीनं १३५ च्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण हेच आहे. फ्रेम एकदाच बनते, हब पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. तारांची भोकं ३२ घ्या, पण रिमही ३२ ची मिळतेय का ते आधी बघा. आपल्याकडच्या स्वस्त २४ इंची रिम बहुतेक ३६ भोकांच्या असतात.

एका बाबतीत मात्र आपलं शहर नशीबवान आहे. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागांचे सुटे भाग करणारे टर्नर इथं गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचा हात मापाला पक्का असतो. त्यांच्याकडून स्टीलच्या गजाचा एक डमी अ‍ॅक्सल करून घ्या: दोन खांद्यांमध्ये बरोबर १३५.० मिलिमीटर, टोकांना १० मिलिमीटरचे आटे. वेल्डिंगच्या वेळी ड्रॉपआउट याच गजावर आवळून ठेवायचे. आधी सगळीकडं टॅक, म्हणजे ठिपक्याएवढे तात्पुरते वेल्ड, मग डावी-उजवी आलटून-पालटून थोडं थोडं वेल्ड. एका दमात एक बाजू पूर्ण केली तर उष्णतेनं ती बाजू ओढली जाते आणि गज काढल्यावर १३५ चं १३२ झालेलं दिसतं. फ्रेम गजावरच पूर्ण गार होऊ द्या, पाणी मारू नका.

गार झाल्यावर दोऱ्यानं तपासा. उजव्या ड्रॉपआउटला दोरा बांधून हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या नळीला, वळसा घालून डाव्या ड्रॉपआउटवर आणा आणि ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर पट्टीनं मोजा. दोन्हीकडं सारखं आलं तर मागचा भाग मधोमध आहे. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर स्टीलची फ्रेम गार असतानाच दाबून सरळ करता येते. त्यानंतर ड्रॉपआउटची तोंडं एकमेकांना समांतर आहेत ना, तेही बघा, नाहीतर आवळताना अ‍ॅक्सलच वाकतो. स्टील घेतल्याचा हा मोठा फायदा आहे, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं कधीही वाकवायचं नाही.

ब्रेक बदलून मागे रिम ब्रेक घेणार असाल आणि क्रँकवर फ्रीव्हील चालणार असेल, तर ११६ ला माझा काहीच विरोध नाही. मागचा भाग सडपातळ होतो, घोट्याला जागा मिळते आणि सायकल हलकी होते. फक्त तेव्हा एकाऐवजी दोन हब एकदमच मागवून ठेवा.

आणि कुठलंही माप घेतलंत तरी हब, क्रँक आणि टायर प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय ड्रॉपआउट टॅक करू देऊ नका. कॅटलॉगमध्ये २.४ लिहिलेला टायर रुंद रिमवर ६० मिलिमीटरपेक्षा जास्त भरू शकतो. दोन्हीकडं निदान सहा मिलिमीटर मोकळी जागा सुटली पाहिजे, आणि चेनस्टे कुठं दाबायचा, कुठं वळवायचा हे त्यावरच ठरतं. चाक बांधून झालं की ते घेऊनच वर्कशॉपला जा.